वहीतले टर्की आणि गच्चीवरच्या सळ्या

एका वाचक बाईंचा प्रश्न असा: "माझी मुलगी मेक्सिकोत केरेतारोला आयटी कंपनीत आहे. सुटीत ती वाहाकाजवळच्या विणकरांच्या एका गावी चार दिवस राहून आली. तिथं ना कारखाना, ना बागायती शेती. तरी दुमजली घरं, दर आठवड्याला कुठली तरी मिरवणूक, आणि ज्या घरात पैशाची ओढाताण त्याच घरात लग्नाला चारशे पानं. ही माणसं जगतात कशावर? आणि असं उधळतात का? शिवाय पुढच्या वेळी तिला एका लग्नाला बोलावलंय, तिथं काय न्यावं?"

ताई, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी सुटला तरच पहिला सुटतो, आणि हे कळायला मला तीन वर्षं लागली.

मी मूळची सोलापूरची, सूत रंगवणाऱ्या घरातली. नैसर्गिक रंगांचं काम करत करत वाहाकाच्या त्लाकोलुला खोऱ्यात पोचले आणि विणकर बायकांच्या गटांबरोबर रंगाई, मालाची किंमत काढणं, हिशेब लिहिणं अशा कामांत नऊ वर्षं राहिले. (नकाशावरच्या स्पेलिंगवरून आपण 'ओॲक्साका' वाचतो, म्हणतात मात्र वाहाका. हे दक्षिण मेक्सिकोतलं राज्य, आणि त्याच्या राजधानीचं नावही हेच.) त्यामुळे खाली लिहितेय ते या एका खोऱ्याबद्दल आहे. मिचोआकानमधल्या ॲव्होकॅडोच्या गावाचा किंवा अमेरिकेच्या सीमेलगतच्या कारखान्यांच्या गावाचा हिशेब निराळा. मेक्सिकोच्या काही भागांत दुकानदारांकडून गुंडांच्या टोळ्या हप्ता घेतात, तसला जाच मी राहत होते तिथं नव्हता. हे आधीच सांगते, म्हणजे एका गावावरून तुम्ही अख्खा देश मोजणार नाही.

तुमची मुलगी गेली ते गाव वर्णनावरून तेओतित्लान देल वाये असावं, किंवा त्याच्या शेजारचं एखादं. वाहाका शहरापासून पूर्वेला तीसेक किलोमीटर, डोंगराच्या पायथ्याशी. बोलीभाषा सापोतेक, शाळेची भाषा स्पॅनिश. घराघरात पायमाग. लोकर आणि हा माग दोन्ही सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आले. त्याआधी इथं कंबरेला बांधायच्या मागावर कापूस विणला जाई. पाऊस आमच्या सोलापूरच्याच वळणाचा, म्हणजे आला तर आला. जून ते सप्टेंबरात जे काही पडेल त्यावर मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावायचा. या मिश्र पिकाच्या शेताला 'मिल्पा' म्हणतात.

सकाळ सुरू होते गिरणीवर. आदल्या रात्री बाईनं मका चुन्याच्या पाण्यात उकळून भिजत ठेवलेला असतो. पहाटे तो धुऊन बादलीत घालून गिरणीत नेतात आणि ओलं पीठ घेऊन येतात. या चुना लावलेल्या मक्याला 'निश्तामाल' म्हणतात. चुन्यामुळे मक्याचं साल सुटतं आणि त्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला, चुन्याची रीत मात्र गेली नाही. म्हणून तिथल्या मकाखाऊ गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग पिढ्यान् पिढ्या छळत राहिला. गिरणी ही गावातली बातम्यांची जागा. कोणाचा मुलगा परत आला, कोणाच्या घरी साखरपुडा, कोणाचा डुक्कर विकायचा आहे, सगळं तिथं कळतं. मी पहिलं वर्षभर पुड्यातलं मक्याचं पीठ वापरत होते, त्यामुळे मला काहीच कळायचं नाही.

मका हा इथं पिकापेक्षा मोठा विषय आहे. त्लाकोलुलाच्या पुढं मित्लाजवळच्या गिला नाकित्स या गुहेत मक्याची कणसं सापडली, ती सहा हजार वर्षांहून जुनी. भोपळ्याच्या बिया तर दहा हजार वर्षांपूर्वीच्या. या गुहांचा परिसर 2010 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आणि मक्याचं नाव निघालं की वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे आठवायलाच हवेत. 1920 च्या दशकात ते मेक्सिकोत आले, चापिंगोच्या राष्ट्रीय शेती शाळेत शिकवू लागले, मका-गव्हावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मुक्त शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरानं मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जेवणाच्या टेबलाभोवती जमलेल्या माणसांत त्यांना भाकरी मोडताना रंगवलंय. तुमच्या मुलीला जमलं तर बघून यायला सांगा.

आता पैसा. घराच्या जमाखर्चातली एकेक ओळ घेते, पहिली मक्याची. 1 जानेवारी 1994 ला अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापाराचा करार लागू झाला आणि अमेरिकेचा स्वस्त मका येऊ लागला. त्यानंतर विकण्यासाठी मका लावणं अशा कोरडवाहू खोऱ्यात परवडेनासं झालं. तरी लोक लावतात. का, असं मी घरमालकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, दुकानातल्या मक्याची भाकरी दुसऱ्या दिवशी चामडं होते. हिशेबाच्या भाषेत हा तोट्याचा धंदा. पण पीक बरं आलं तर वर्षातले काही महिने घरातली भाकरी विकत आणावी लागत नाही, कडबा बैलांना होतो आणि लग्नाच्या स्वयंपाकाला घरचा मका लागतो तो असतो. या लग्नाच्या मक्याकडे पुन्हा येते.

दुसरी ओळ मागाची. दीड मीटर लांबीचा बरा गालिचा विणायला पंधरा-वीस दिवस जातात, त्यात लोकर पिंजणं, कातणं, रंगवणं धरलेलं नाही. स्वतःचं दुकान असलेली, इंग्रजी येणारी, रस्त्यालगतची घरं थोडी. बाकीचे त्यांच्याकडून सूत आणि उचल घेतात आणि नगावर विणतात. सोलापूरच्या किंवा मालेगावच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. 1970-80 च्या दशकांत अमेरिकी व्यापाऱ्यांनी तिकडच्या मूळनिवासी नवाहो लोकांच्या धाटणीची नक्षी इथून विणून घ्यायला सुरुवात केली तेव्हा गावात पैसा आला, आणि बायकाही मोठ्या संख्येनं मागावर बसल्या त्या त्याच सुमाराला. पुढं तीच नक्षी भारतात अजून स्वस्तात विणली जाऊ लागली. एका म्हाताऱ्या विणकरानं पहिल्या भेटीत मला विचारलं होतं, "तुमच्याकडे एवढ्या स्वस्तात जमतं कसं?" मी उत्तर टाळलं. आमच्याकडे विणणाऱ्याच्या हातात किती पडतं ते मला ठाऊक होतं.

रंगांबद्दल एक सावधगिरी सांगते, कारण हे माझं खातं. निवडुंगावरच्या कोचिनिया किड्यापासून किरमिजी रंग निघतो. स्पॅनिश काळात चांदीच्या खालोखाल मोलाचा माल म्हणून तो वाहाकातून युरोपात जाई. एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग आले आणि तो धंदा बसला. आज जगाला लागणारा बहुतेक कोचिनिया पेरूतून येतो. पर्यटकांसमोर विणकर तळहातावर किडा चिरडतो, वर लिंबू पिळतो, लाल रंगाचा नारिंगी होतो, सगळे 'वाहवा' करतात. खेळ खरा आहे. मात्र तो रंग महाग पडतो, त्यामुळे भिंतीवर टांगलेला प्रत्येक गालिचा त्याच रंगाचा असेल असं धरू नका. 'नैसर्गिक' म्हणून विकलेला माल स्वस्त असेल तर तो नैसर्गिक नाही. एवढी एक खूण पुरते.

तिसरी ओळ रविवारची. त्लाकोलुलाचा बाजार म्हणजे सगळ्या खोऱ्याचा आठवडी बाजार. इथले बाजार वार वाटून घेतात: बुधवारी एत्ला, गुरुवारी साआचिला, शुक्रवारी ओकोत्लान, शनिवारी वाहाका शहर, रविवारी त्लाकोलुला. स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून ही फेरी चालू आहे, आणि बाजाराला आजही 'तिआंगिस' हाच नाहुआत्ल भाषेतला शब्द आहे. आपल्या आठवडी बाजारातल्यासारखी इथंही जमिनीवर बसण्याची पावती फाडतात. सान मार्कोस त्लापासोलाच्या बायका लाल मातीचे तवे घेऊन बसतात, एत्लाकडून दोऱ्यासारखं गुंडाळलेलं चीज येतं, डोंगरातली माणसं नाशपाती, सफरचंद, ओली लाकडं आणतात. मका-घेवडा आल्मुद नावाच्या मापानं विकतात. पायली-शेरावर वाढलेल्या माझ्या आईला ते माप दाखवलं असतं तर तिनं आधी ते काठोकाठ भरलंय का ते पाहिलं असतं. घेणारी आणि विकणारी दोघी एकमेकींना 'मार्चांता' म्हणतात, म्हणजे 'बाजारवाली'. कोण गिऱ्हाईक आणि कोण दुकानदार हे त्या हाकेवरून कळत नाही, आणि अनेकदा खरंच कळण्यासारखं नसतं. सकाळी तवे विकणारी बाई दुपारी त्याच पैशात मिरच्या आणि साबण घेऊन जाते. मोजून झालं की वर मूठभर घालायची, त्याला 'पिलोन' म्हणतात. न मागता घालते ती कायमची मार्चांता.

बाजारातून फाट्यावर उतरलं की घरापर्यंत न्यायला रिक्षा असतात. मेक्सिकोच्या गावागावांतल्या या 'मोतोताक्सीं'त बजाजच्या पुष्कळ दिसतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी आपल्या वाळूजचं नाव घेऊन चालकाला सांगितलं की ही माझ्या मुलुखातली आहे. तो म्हणाला, मग सुटे भाग स्वस्तात मिळवून दे.

चौथी ओळ सगळ्यांत जाड. 1942 ते 1964 या काळात अमेरिकेनं करार करून मेक्सिकोतून शेतमजूर नेले, तेव्हापासून या खोऱ्यातली माणसं उत्तरेला जातात. या भागातल्यांची मोठी वस्ती लॉस एंजेलिसच्या आसपास आहे. उपाहारगृहांची स्वयंपाकघरं, बागा, बांधकाम, शेतं. 2024 साली मेक्सिकोत बाहेरून आलेली रक्कम 64 अब्ज डॉलरच्या वर होती. जगात भारताच्या खालोखाल मेक्सिकोचाच नंबर. बहुतेक पैसा इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं येतो. रविवारी पैसे देणाऱ्या खिडकीपुढं रांग लागते आणि तिथून माणूस सरळ बाजारात उतरतो, म्हणून रविवारी बाजार फुललेला दिसतो.

तुमच्या मुलीनं पाहिलेली दुमजली घरं यातूनच उठतात, एका दमात मात्र नाही. एका वर्षी पाया, पुढल्या वर्षी भिंती, मग काम थांबतं, कारण तिकडं कोणी आजारी पडतं किंवा काम सुटतं. गच्चीवर कॉलमच्या सळ्या उघड्या राहतात. मेक्सिकोत त्यांना चेष्टेनं 'आशेच्या सळ्या' म्हणतात: पुढचा मजला कधीतरी होईल. कित्येक घरांत वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही. पलंगावर प्लास्टिक तसंच, भिंतीवर नातवंडांचे फोटो, आणि ती नातवंडं स्पॅनिशसुद्धा मोडकी बोलतात, सापोतेक तर नाहीच. कागदपत्रं नसलेला मुलगा एकदा आईला भेटायला आला की परत जाणं जिवावरचं, म्हणून तो येत नाही, घर बांधतो. 2025 पासून तिकडं धरपकड वाढली आहे आणि त्या वर्षात बरेच महिने येणारी रक्कम आधीपेक्षा कमी राहिली. शिवाय 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेत रोख भरून बाहेर पाठवलेल्या पैशावर 1 टक्का कर लागला. एक टक्का मोठा नाही. पण ज्याचं बँकेत खातं नाही तोच रोख भरतो.

बाकीच्या ओळी भराभर सांगते. 65 च्या वरच्या प्रत्येकाला सरकारी पेन्शन आहे, 2025 साली दर दोन महिन्यांना 6,200 पेसो. पेसो म्हणजे त्या वर्षी आपले साडेचार रुपयांच्या आसपास. म्हाताऱ्यांच्या हातात नियमित रोख पहिल्यांदाच आली, आणि घरात त्यांचं ऐकलं जाऊ लागलं, हा माझ्या डोळ्यांसमोर घडलेला बदल. किमान वेतन 2018 ला दिवसाला 88.36 पेसो होतं, 2025 ला 278.80 झालं. पण त्याचा फायदा नोकरी असणाऱ्याला. वाहाका राज्यात दहातले आठ कामकरी अनौपचारिक कामात आहेत, त्यांना पगाराची चिठ्ठी नाही आणि डिसेंबरात सक्तीचा असलेला पंधरा दिवसांच्या पगाराचा बोनसही नाही. जवळच्या सांतियागो मातात्लानला मेस्काल दारूच्या भट्ट्या आहेत. घायपातासारखं दिसणारं आगावे सहा-आठ वर्षं वाढतं तेव्हा कापायला येतं. भाव चढलेला पाहून सगळ्यांनी डोंगर नांगरून आगावे लावलं, ते तयार होईस्तोवर भाव पडला. कांद्याची गोष्ट आहे, फक्त सहा वर्षांनी लांबवलेली.

आणि भिशी! नाव 'तांदा', बाकी सगळं आपलंच. दहा बायका, दर आठवड्याला ठरलेली रक्कम, नंबर चिठ्ठीनं. एक फरक पाहिला: ज्या बाईवर भिशी सांभाळायची जबाबदारी तिला बहुधा पहिला नंबर मिळतो, कारण कोणी बुडवलं तर भरून तीच देते. सोलापुरात माझ्या मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, बरोबरच आहे, आमच्यातही असंच पाहिजे होतं. आपल्या पतसंस्थेसारख्या 'काहा पोपुलार' 1951 पासून मेक्सिकोत आहेत, पण गावाचा खरा जीव तांदावर आणि आता सांगते त्या वहीवर.

ही वही मला कशी कळली ते सांगते, कारण त्यात माझी फजिती आहे. कामाला लागल्यावर दुसऱ्या वर्षी एका देणगीदार संस्थेसाठी मी बारा घरांचा वर्षभराचा जमाखर्च मांडला. प्रत्येक घरात सणा-लग्नाचा खर्च सुतावरच्या खर्चाच्या बरोबरीला किंवा वर. मी तक्त्यात त्या रकान्याला 'अनुत्पादक' असं नाव दिलं आणि बायकांच्या बैठकीत सांगितलं की हा निम्मा केला तर प्रत्येक घराला दोन वर्षांत दुसरा माग घेता येईल. कोणी काही बोललं नाही. सापोतेकमध्ये खसखस पिकली. बैठक संपल्यावर मी जिच्या घरी राहत होते ती बाई आत गेली आणि शाळेच्या दोन वह्या घेऊन आली. कोपरे मुडपलेले, एकीला दोरा बांधलेला.

एका वहीत 'आम्ही दिलं', दुसरीत 'आम्हाला आलं'. अमक्याच्या घरी, अमक्या साली, मुलाच्या लग्नाला: एक टर्की (कोंबडीहून बराच मोठा पाळीव पक्षी), वजन इतकं किलो. कोको इतका. भाकऱ्या इतक्या. मेस्कालचा एक मोठा कॅन. अंडी, पाव, साखर. अलीकडच्या पानांवर बिअरची आणि कोल्ड्रिंकची खोकी. काही नोंदी तिच्या सासूच्या अक्षरातल्या, फेडलेल्यांवर काट मारलेली. या देवघेवीला 'गेलागेत्सा' म्हणतात. (वाहाका शहरात जुलैमध्ये याच नावाचा नाचगाण्यांचा मोठा उत्सव भरतो, पर्यटक तोच ओळखतात, खरी गेलागेत्सा अशी वह्यांत असते.) शेजारी लग्न निघालं की तुम्ही टर्की नेऊन देता, तिथं तो तराजूत घालून वजन लिहिलं जातं. तुमच्या घरी कार्य निघालं की निरोप जातो आणि तेवढ्याच वजनाचा टर्की परत येतो. व्याज नाही. मुदत नाही. आईबाप गेले तर मुलं फेडतात.

आपल्याकडच्या आहेराच्या वहीची तुम्हाला आठवण झाली असेल. मलाही तिथंच झाली आणि लाज वाटली, कारण माझ्या आजीच्या ट्रंकेत अशीच वही होती आणि तिला मी कधी हिशेबाची वही मानलं नव्हतं. फरक एवढाच की आहेरात आपण रुपये लिहितो, आणि तीस वर्षांपूर्वीचे एकावन्न रुपये आज परत आले तर हसू येतं. इथं वजन लिहितात.

या एका फरकातच सगळी मेख आहे. त्या बाईच्या सासूनं बँकेत पेसो ठेवले असते तर काय झालं असतं बघा. 1976 ला पेसोची घसरण, 1982 ला पुन्हा, डिसेंबर 1994 ला परत एकदा, तीन महिन्यांत डॉलरच्या मानानं किंमत निम्मी. त्याआधी, 1 जानेवारी 1993 ला, सरकारनं नोटांवरची तीन शून्यंच उडवली होती. हजार जुने पेसो म्हणजे एक नवा. ज्यानं पेसो साठवले तो धुऊन निघाला. 1980 साली कोणाला दिलेला आठ किलोचा टर्की मात्र 1996 साली आठ किलोचाच परत आला. मी ज्याला 'अनुत्पादक' म्हणत होते ती त्या घराची मुदत ठेव होती, आणि महागाई तिला शिवत नव्हती. चारशे पानांचं लग्न म्हणजे त्या एका दिवशी केलेला खर्च नव्हे. पंधरा-वीस वर्षं थोडं थोडं भरलेलं एकदम उचलणं, आणि जे कमी पडलं ते पुढं फेडायच्या बोलीवर घेणं. म्हणून लग्नाला घरचा मका लागतो, म्हणून परसात टर्की असतात. तुमच्या मुलीला जी उधळण दिसली तिच्यातला बराचसा भाग आधीच भरून झालेला होता.

लॉस एंजेलिसचे डॉलरही शेवटी याच वहीत मुरतात. मुलगा पैसे पाठवतो, आई त्यातून टर्की विकत घेते आणि दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवते. म्हणजे परदेशातला मुलगा गावात आपलं खातं चालू ठेवतो. तो परत आला, परत धाडला गेला, तर त्याला उभं करणारी चाळीस घरं वहीत लिहिलेली असतात.

कामाचंही असंच. आपल्याकडच्या इर्जिक-सावडीसारखं स्लॅब टाकायला, नांगरटीला एकमेकांकडे जातात. गावाच्या कामाला 'तेकियो': पाण्याची लाइन, शाळेची भिंत, स्मशान, प्रत्येक घरातून एक माणूस, बिनपगारी. वाहाकाच्या 570 नगरपालिकांपैकी चारशेहून जास्त ठिकाणी पक्षांच्या चिन्हांवर निवडणूक होत नाही. ग्रामसभा माणसं नेमते, आणि 1995 पासून राज्याच्या कायद्यानं ही रीत मान्य केली आहे. नेमलेल्यानं एक ते तीन वर्षं पदाची सेवा करायची, निरोप्या-रखवालदारापासून वर चढत. पगार नसतो किंवा नावाला असतो. पाणी समिती, शाळा समिती, देवळाची समिती, सगळं असंच. त्या काळात माग जवळपास बंद पडतो आणि घर बायको चालवते.

आता हे वाचून तुम्हाला सगळं गोड वाटायला लागलं असेल तर थांबा. चारशे पानांचा स्वयंपाक तीन दिवस बायकाच करतात, धुरात, पाट्यापुढं गुडघ्यांवर बसून, आणि ते कष्ट कुठल्या वहीत वजनानं लिहिलेले मी पाहिले नाहीत. उत्सवाचा यजमान होण्याची पाळी आली म्हणून जमीन गहाण पडलेली घरं मी पाहिली आहेत. मुलगा तिकडं बेपत्ता, आणि देणी सासूच्या काळातली, अशी एक विधवा माझ्या गटात होती. तिनं पंथ बदलला, इव्हँजेलिकल झाली, उत्सवाच्या खर्चातून आणि दारूतून सुटली. मग तिच्याकडे कोणी टर्की आणेना. सुटका आणि एकटेपणा तिला एकाच दिवशी मिळाले. अमेरिकेतल्या मुलांना सभा पदासाठी बोलावते, ते येऊ शकत नाहीत, मग बदली माणसाचे पैसे भरतात किंवा हक्क गमावतात. यावर सभेत होणारी भांडणं मी ऐकली आहेत. दोन्ही बाजू बरोबर असतात आणि म्हणूनच ती मिटत नाहीत. विशीतली मुलं वाहाका शहरात कॉल सेंटरला जातात, महिन्याचा पगार घेतात, आणि आईला म्हणतात की माझ्या नावानं कुठं काही लिहू नकोस.

मी तक्ता पुन्हा केला. 'अनुत्पादक' हा रकाना काढून दोन रकाने केले: दिलं, यायचं आहे. देणगीदारांना ते समजावताना घाम फुटला. टर्कीचं मूल्य कोणत्या दरानं धरायचं, असं त्यांच्या हिशेबनिसानं तीनदा विचारलं. बाराही घरांचा विचार करता, फक्त पैशाच्या तक्त्यात जी दोन घरं सर्वांत गरीब दिसत होती त्यांतलं एक नव्या तक्त्यात वरून तिसरं आलं. दुसरं तळालाच राहिलं, ते त्या विधवेचं.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न, की पुढच्या वेळी लग्नाला बोलावलंय तर काय न्यावं. मी पहिल्या लग्नाला चकचकीत कागदात गुंडाळलेला स्टीलचा डबा नेला होता. तो त्यांनी प्रेमानं घेतला आणि कपाटावर ठेवला, अजून तिथंच असेल. तिला सांगा, आदल्या रविवारी त्लाकोलुलाच्या बाजारातून पावाची टोपली, दोन किलो चॉकलेट आणि झेंडूचे दिवस असतील तर फुलं घेऊन जा. झेंडू मूळचा तिकडचाच, तिथं त्याला सेम्पासुचिल म्हणतात आणि नोव्हेंबरात पितरांना वाहतात. दारातून शिरताना सगळ्यांना नमस्कार, मग टोपली थेट स्वयंपाकघरात. कोणी वही काढून तिचं नाव विचारलं तर लाजून "राहू द्या" म्हणायचं नाही. नाव सांगायचं. मग तिच्याही घरी कधी कार्य निघालं तर, कुठल्याही देशात असो, त्या घराला निरोप धाडावा लागेल, हे मात्र आधी समजून घ्यायचं.

माझ्या नावावर त्या घरात अजून साडेसात किलोचा एक टर्की फेडायचा आहे, मी तिथून निघताना त्यांनी दिलेल्या जेवणाचा. धाकट्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी ठरतंय असं गेल्या महिन्यात फोनवर कळलं. तिकिटाची चौकशी सुरू केली आहे.